सर्जेराव फोन जपून वापरतो

ढवळखेडी गावात एक भोळा मुलगा राहत होता. नाव सर्जेराव. नाव सरदाराचं आणि डोकं अगदी कोरं. आठवीत होता. सांगितलेलं सगळं ऐकायचा, हाच त्याचा दोष. न ऐकणारी मुलं गावात पुष्कळ होती, पण त्यांचा कुणाला फारसा त्रास नव्हता.

सर्जेरावचे वडील, म्हणजे आबा, ट्रकवर ड्रायव्हर होते. एकदा घरातून निघाले की थेट आसामपर्यंत जायचे आणि महिनोन् महिने तोंड दाखवायचे नाहीत. या खेपेला निघताना त्यांनी पोराच्या हातात एक जुना मोबाईल ठेवला. रोज संध्याकाळी त्यावर आबांचा फोन यायचा. सर्जेराव दिवसभर त्या फोनाकडे डोळे लावून असायचा. आबांची त्याला फार आठवण यायची.

आई दिवसभर शेतावर. घराला कुलूप नव्हतं, म्हणून फोन शाळेत न्यावा लागे. वर्गाच्या खराडे बाई कडक होत्या. त्यांनी सर्जेरावला समोर उभं केलं आणि सांगितलं, "फोन आण, पण जबाबदारीनं वापर. शाळेच्या वेळात काहीही वाजलेलं मला चालणार नाही. वाजलं, तर फोन परीक्षेपर्यंत माझ्या कपाटात."

फोन कपाटात गेला म्हणजे आबाच कपाटात गेले. सर्जेरावनं फोन लगेच बंद केला. मग तो विचार करू लागला की शाळेत आणखी काय वाजतं. विचार करायला त्याला वेळ लागायचा, पण उत्तर सापडलं. लिंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि त्यावर शिपाई हातोडी मारायचा. सर्जेरावनं हातोडी उचलली आणि विहिरीत टाकली.

त्या दिवशी शाळा सुटलीच नाही. शिपाई हातोडी शोधत राहिला. घंटा होत नाही तोवर बाई शिकवत राहिल्या. तिन्हीसांजेला आया कंदील घेऊन पोरं शोधायला आल्या, तेव्हा वर्गात भूमितीचा तिसरा धडा चालू होता.

हातोडीचं कळल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. सर्जेराव म्हणाला, "तुम्हीच सांगितलं हुतं, काय वाजाय नको."

"अरे बाबा, वाजतं ते उगीच वाजत नाही. वाजलं की माणसानं उठायचं आणि निघायचं. हे ध्यानात ठेव."

सर्जेरावनं ते ध्यानात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या तात्या जगदाळ्यांच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली. वरणभात वाढून झाला, बुंदी येत होती. एवढ्यात नवरदेवाच्या मामाच्या खिशात फोन वाजला. सर्जेराव ताटावरून ताडकन उठला. मामा बसलेलाच. सर्जेरावला त्याची दया आली. त्यानं मामाला काखेत हात घालून उभं केलं आणि सगळ्या पंगतीला सांगितलं, "उठा. निघा लवकर."

का, ते कुणी विचारलं नाही. मामाच उठला म्हटल्यावर वऱ्हाड उठलं. कुणीतरी म्हणालं, मोहोळ उठलंय. मग जो तो डोक्यावर उपरणं घेऊन पळाला. वाढपी बुंदीच्या परातीसकट उसात शिरले. माश्या कुणालाच दिसल्या नाहीत, त्यामुळे लोक आणखी लांब पळाले. नवरानवरी तेवढी मांडवात राहिली, कारण त्यांची गाठ बांधलेली होती आणि दोघं दोन बाजूंना पळत होती.

तात्यांनी सर्जेरावला उसाकडेला गाठलं. मुलीचा बाप, त्या दिवशी हात उगारता येईना. दात आवळून ते म्हणाले, "आरं, वाजलं की पळत्यात व्हय? आधी इचारावं, कोन बोलतंय, काय काम हाय. समोरच्याचं नीट ऐकून घ्यावं. असंल निरोप तर पोचता करावा."

हे सर्जेरावला मनापासून पटलं. एवढं सोपं कुणी आधी का सांगितलं नाही, असंही वाटलं.

सोमवारी तो महादेवाच्या देवळात खांबामागं सावलीला बसला होता. तेवढ्यात सरपंच आले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि घंटा वाजवली.

"कोन बोलतंय?" खांबामागून आवाज आला.

सरपंचांचे हात जोडलेलेच राहिले. गाभाऱ्यात कुणी नव्हतं. त्यांनी आपलं नाव सांगितलं.

"काय काम हाय?"

देवानं इतकं सरळ विचारल्यावर लपवायचं तरी काय? ते खालीच बसले आणि भडाभडा बोलले, की देवा, पाण्याच्या टाकीचं सिमेंट मीच घरी नेलं, त्यात माझी माडी झाली, एवढी चूक पोटात घाल.

"बरं. निरोप पोचता करतो," आवाज म्हणाला.

आणि सर्जेरावनं तो केला. पाराजवळ सगळं गाव टाकी का गळते यावर बोलत बसलं होतं. त्यानं तिथं जाऊन सरपंचांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. पुढचा अर्धा दिवस ढवळखेडीत काय झालं ते लहान मुलांच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही.

सरपंच दुसऱ्या दिवशी शाळेत आले. मोबाईलमुळं पोरं बिघडली, या पोराचा फोन आत्ताच्या आत्ता काढून घ्या, म्हणाले. पोरानं देवळात फोन खिशातून बाहेरही काढला नव्हता, पण सरपंचांपुढं कोण बोलणार? सर्जेरावच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन गेला तर संध्याकाळी आबा कुणाशी बोलणार, एवढंच त्यानं विचारलं. बाईंनाही गलबलून आलं. शेवटची संधी देते म्हणाल्या आणि त्याला पुढ्यात बसवून सगळं पहिल्यापासून समजावू लागल्या.

"कोण बोलतंय विचारलंस, पण सांगितलेलं खरं कशावरून? फसवणारे फार झालेत. कुणी म्हणेल मी तुझा मामा, कुणी म्हणेल मी तुझा बाप. आवाज हुबेहूब काढतात. हल्ली चेहरासुद्धा काढतात. अजिबात विश्वास ठेवायचा नाही. आपल्याजवळ त्या माणसाचा नंबर असतो ना? त्यावर आपण स्वतः फोन लावायचा आणि खात्री करायची. तोवर काही म्हणजे काही उघडायचं नाही."

सर्जेरावनं हे दोनदा म्हणून दाखवलं. चुकला नाही.

रविवारी आई शेतावर गेली होती. सर्जेराव घरी एकटाच होता. दुपारी दारावर थाप पडली.

"सर्ज्या, दार उघड. मी आबा आलोय."

सर्जेराव उडी मारून उठला. कडीला हात घातला आणि थांबला. हळूच खिडकीतून पाहिलं. आबांचा चेहरा, आबांचा आवाज, आबांचा खाकी शर्ट. हातात मिठाईचा पुडा. फसवणारे किती मेहनत घेतात याचं त्याला नवल वाटलं. त्यानं वरची कडीही लावली आणि आबांना फोन लावला.

बाहेर फोन वाजला. भामट्यालाही आत्ताच कुणाचा तरी फोन आला, असं सर्जेरावला वाटलं.

"आबा?"

"मीच रं. दार उघड."

आवाज फोनातून आला आणि दारातूनही आला. आज रेंज फारच चांगली होती.

"आबा, कुठं हाय तुमी?"

"आपल्या दारात."

इतक्या महिन्यांनी बाप आला आणि नेमका संकटात सापडला. सर्जेरावला रडूच आलं. तो कळवळून म्हणाला, "आबा, तिथं थांबू नका. दारात भामटा हाय. हुबेहूब तुमच्यागत दिसतोय. पळा."

आबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. कुणी दिसेना, म्हणून ते जास्तच घाबरले. शेवटी ते सर्जेरावचेच वडील.

"कुठं हाय त्यो?"

"तुमी हाय तिथंच."

आबांनी मिठाई टाकली आणि धूम ठोकली. सर्जेराव खिडकीतून बघत होता. फोन त्यानं कानाला घट्ट धरला होता.

"आबा, त्यो पळाला."

"कुनीकडं?" आबा धापा टाकत होते.

"ष्टँडाकडं."

"आरं, मी पन तिकडंच चाललोय."

"मग जोरात पळा. त्यो बी लय जोरात पळतोय."

आबा ष्टँडावर पोचले, ट्रकमध्ये चढले, काचा वर केल्या. गाडी चालवताना फोनवर बोलायचं नसतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं आणि ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. म्हणून त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि मागं वळून न बघता थेट आसामला गेले.