सोनवेल म्हटलं म्हणून शेंग येत नाही

एका गावात एक पाटील होता, त्याला सगळं उंच लागायचं. पागोटं उंच, ओटा उंच, आवाज तर त्याहून उंच. त्याच गावात एक काकू होती. तिचं काहीच उंच नव्हतं, पण हाताला पीक यायचं.

एका साली गावातलं भुईमुगाचं सगळं बी किडलं. काकूच्या गाडग्यातलं तेवढं वाचलं. ते काकूने पेरायचं आणि निघेल त्यातून घरोघर बी वाटायचं, असं ठरलं. पाटलाने त्यातलं निम्मं आपल्या शेतात ओढलं. त्याला जाब विचारणार कोण?

शेतं पिवळ्या फुलांनी भरली तेव्हा पाटील बांधावर आला.

"एवढं देखणं फूल आणि नाव काय, तर भुईमूग. भुई म्हणजे पायाखालची माती, मूग म्हणजे आजाऱ्याचं खाणं. आजपासून याला सोनवेल म्हणायचं. आणि हे असं लोळतंय काय? काठ्या रोवा, वर बांधा."

"वा पाटील," लोक म्हणाले. जन्म शेतीत गेलेले हे लोक, तरी पाटलाच्या शेतात काठ्या रोवून वेल वर बांधायला लागले.

काकूने मात्र घरातलं रिकामं पिंप आणलं आणि आपल्या पिकावरून लोळवायला लागली. फांद्या भुईला टेकल्या.

"अगं काकू, डोकं फिरलं का तुझं? फुलं चिरडतेस?"

"फूल गळलं की तिथून आरी निघते, पाटील. सुईसारखी. ती मातीत घुसली तरच शेंग धरते. म्हणून भुई. जुन्या माणसांनी नाव ठेवलं ते कामाचं ठेवलं, मिरवायला नाही."

"आता ही मला शेती शिकवणार," पाटील हसला. लोकही हसले. ज्यांच्या घरात बियाला दाणा नव्हता, तेसुद्धा हसले. काकू घरी जाऊन भांडी आपटत बसली.

काढणीला पाटलाने ताशेवाला बोलावला. पहिलं झाड उपटलं. खाली नुसती मुळं, वर वाळलेल्या आऱ्या लोंबतायत. दुसरं उपटलं, तेच. ताशा आपोआप थांबला.

काकूच्या झाडांना मूठ मूठ शेंगा होत्या. पाटील पाटी घेऊन तिच्या बांधावर उभा राहिला.

"काकू, बी पाहिजे होतं."

"न्या की. गावाचंच आहे, मी निम्मं ओढणारी नाही. पण उपटायचं तुम्ही, आणि तुटून राहिलेल्या शेंगा मातीतून वेचायच्याही तुम्ही."

"मी वाकू?"

"नका वाकू. सोनवेल म्हणून हाक मारा, येतील वर."

पाटील वाकला. पागोटं डोक्यावर राहीना, ते काढून बांधावर ठेवावं लागलं.

"काय वेचताय, पाटील?" काकूने विचारलं.

"भुईमूग," पाटील मातीकडे बघत म्हणाला.

मग काकू तेव्हा हसलेल्या, आता बांधावर जमलेल्या लोकांकडे वळली. "तुम्ही काय बघता? वाका."

तात्पर्य: मातीची लाज धरणाऱ्याची शेंग भरत नाही, आणि त्याला 'वा' म्हणणाऱ्याची पाटीही.