निम्म्या भावाचा शंख

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात गिरजा नावाची बाई राहायची. तिच्यासारखी बाजार करणारी अख्ख्या पंचक्रोशीत नव्हती, बरं का. दर रविवारी नदीकाठी चिंचांखाली जुना बाजार भरायचा. गिरजा तांबडं फुटायलाच तिथं हजर. ढिगाच्या तळाशी हात घालायची, कारण चांगली वस्तू वर कशाला राहतेय? भांडं बोटानं वाजवून बघायची. आणि एखादी वस्तू मनात भरली, की तोंड असं करायची जसं कडू कारलंच खाल्लंय! निम्म्यानं मागायची. नाही म्हटलं की पाठ फिरवायची. मग विकणारा हाक मारायचाच.

एका रविवारी तिची म्हातारी आई अंथरुणावरून म्हणाली, "गिरजे, बस गं जरा. तुला एक सांगायचंय."

"आल्यावर सांग, आई. चांगलं सगळं लोक उचलून नेतील."

गिरजा पिशवी घेऊन निघालीसुद्धा. परत आली, तेव्हा आई गेलेली होती.

जागे आहात ना? मग ऐका.

वर्ष सरलं. बाजाराच्या टोकाला एक नवीनच म्हातारी येऊन बसायला लागली. पुढ्यात फाटकं पोतं नि त्यावर चारदोन वस्तू. गिरजेनं तिची घागर उचलली. म्हातारी म्हणाली, "ही कधी रिकामी होत नाही, बाई." गिरजेनं ती निम्म्या भावात पाडून घेतली. घरी आणली, तर काय नवल! घागर आपोआप भरली, पण अर्धीच. गिरजा म्हणाली, असू दे, तेवढंच पाणी आणणं वाचलं.

मग पुढच्या रविवारी घेतली घोंगडी. "हिच्यात थंडी शिरत नाही," म्हातारी म्हणाली. तीही निम्म्यानं. पांघरली, तर कमरेपर्यंत ऊब नि खाली पाय गारठलेले. तरी गिरजेला काही उमगलं नाही. स्वस्तात मिळाली ना, झालं!

मग तिसऱ्या रविवारी पोत्यावर एकच वस्तू होती. एवढासा पांढरा शंख.

"कानाला लावायचा," म्हातारी म्हणाली. "गेलेल्या माणसाचं सांगायचं राहिलेलं असतं ना, ते ऐकू येतं. पण एकदाच."

गिरजेनं कनवटीला हात घातला. पैसे होते हो तिच्याकडे, पुरेसे होते. पण सवय वाईट! तोंड आपसूक कडू झालं. तिनं निम्म्यानं मागितला नि पाठ फिरवली.

म्हातारीनं हाक मारली. "बाई, याचा तरी भाव पाडू नकोस गं."

"द्यायचा तर दे."

म्हातारीनं सुस्कारा सोडला नि शंख दिला.

गिरजा तिथंच घाटावर बसली. शंख कानाला लावला. आधी नुसता वारा. मग आईचा आवाज आला, अगदी तसाच, खोकल्यासकट. "गिरजे, तू लहान होतीस ना, तेव्हा एकदा मी तुला..."

आणि पुन्हा नुसता वारा.

गिरजा धावत सुटली. "घे, सगळे घे! दुप्पट घे!" तिनं पैशांची मूठ पुढं केली.

म्हातारी पोतं झटकत होती. "मोडलेला भाव पुन्हा जोडता येत नाही, पोरी. मलासुद्धा नाही." असं म्हणाली नि वाळूतून चालत दिसेनाशी झाली.

गिरजा खूप रडली. आईच्या मैत्रिणींना विचारत फिरली. "लहानपणी माझं काय झालं होतं?" कुणी म्हणालं ताप आला होता, कुणी म्हणालं जत्रेत हरवली होतीस. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढं गिरजेचं सगळं नीट झालं हो. लेकी-सुनांनी, नातवंडांनी घर भरलं, सगळी सुखानं नांदली. फक्त कधी कधी भाकरी टाकताना तिचा हात तसाच थांबायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "आजी, करपतेय." की ती भाकरी उलटायची.

आई काय सांगणार होती? मलाही नाही ठाऊक, बाळांनो. सरका जरा, सगळ्यांना पांघरूण पुरू दे. मिटा आता डोळे.