बंद फाटकाची खंडेनवमी

"फाटकाशी कुणीच का नव्हतं, हे मला विचारताय, महाराज?" ऋजुता हसली. "सगळे माझ्याकडे होते."

भानुगिरी महाराज पूजेचं ताट घेऊन तिच्या प्रदर्शनाच्या दारात उभे होते. ताटातलं कुंकू तसंच होतं.

कापड गिरणी चालू होती तेव्हा वर्षातून एकच दिवस, खंडेनवमीला, कामगारांच्या बायकापोरांना आत सोडत. मागांची पूजा होई, पेढे वाटत. पुढे गिरणी बंद पडली, फाटकाला कुलूप लागलं. तरी दर खंडेनवमीला वस्ती फाटकाशी जमायची. महाराज बाहेरूनच पूजा करायचे आणि लोक मालकाला बजावायचे, फाटक उघडा, गिरणी पाडू देणार नाही.

यंदा महाराज एकटेच होते.

"लोक इथे का आले?" त्यांनी विचारलं.

"इथे आत जाता येतं म्हणून." ऋजुताने हेडसेट पुढे केला. "मी तुमचीच शिष्या आहे. एकदा बघा तरी."

"चपला काढू?"

"काढा. तळव्यांना जमीन कळेल."

हेडसेट डोळ्यांवर चढला. समोर मागांच्या रांगा उभ्या राहिल्या. खडखडाट सुरू झाला, पायाखालची फळी थरथरली. तेलाचा वास आला. गरम हवेबरोबर कापसाचं तूस गालांना चिकटलं.

महाराजांनी कुंकवात बोट बुडवलं आणि समोरच्या मागाकडे हात नेला.

बोट मागातून आरपार गेलं, हॉलच्या भिंतीला टेकलं.

त्यांनी हेडसेट काढला. पांढऱ्या भिंतीवरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहिले...

"काम चांगलं आहे," ते म्हणाले.

"चांगलं? माझी आई रडली इथे. चाळीतली माणसं दोनदा रांगेत उभी राहिली. इतकी वर्षं तुम्ही फाटकाशी घोषणा दिल्यात, एक माणूस तरी आत गेला?"

"नाही गेला."

"मी अख्खी वस्ती नेली."

"खरं आहे... तुला आत कुणी सोडलं, ग?"

"मालकांनी. चित्रण करायला, फक्त मला."

"काय सांगितलंस त्यांना?"

"म्हटलं, इमारत राहो न राहो, गिरणी मी जपून ठेवते."

"मग?"

"लगेच परवानगी दिली. हा हॉलसुद्धा त्यांनीच..."

ऋजुता थांबली.

एक म्हातारी हेडसेट उतरवून डोळे पुसत उठली. "अगदी तशीच आहे हो," म्हणाली, आणि समाधानाने घराकडे निघाली.

महाराज चपला शोधत होते. ऋजुताने त्या त्यांच्या पायांशी सरकवल्या.

"फाटकाशी काय झालं, महाराज?"

"उघडलं."

"उघडलं?"

"जेसीबी आत गेला. झेंडूचा हार घातला होता त्याला. ड्रायव्हर म्हणाला, बाबा, बाजूला व्हा, सण आहे, उगाच लागेल कुठे. मी बाजूला झालो."

"तोडायला लागले?"

"उद्या सकाळी."

तिने महाराजांच्या हातातलं ताट घेतलं.

"हे सगळं आत्ता बंद करते. घरोघर जाते. उद्या उजाडायच्या आत सगळ्यांना फाटकाशी आणते. मी सांगितलं तर येतील..."

"येतील. तुला मानतात."

"मग चला ना, महाराज."

महाराज जागचे हलले नाहीत.

"कशासाठी बोलावशील त्यांना, ऋजुता? ते आत्ताच आत जाऊन आलेत."