गारंबीखालची वाट

एकदा एक साधक तीन गुरूंचे दार मागे टाकून आपल्या जन्मगावी परत आला.

गाव म्हणजे घाटमाथ्यावरची पंधरा-वीस घरांची वाडी. वाडीच्या वरच्या अंगाला राई होती, म्हणजे देवीच्या नावाने राखलेले जुने जंगल. त्यात खोलवर हिरडाई नावाची देवी होती. तिला मूर्ती नव्हती, कळस नव्हता. शेंदूर माखलेला, नाक-डोळे नसलेला एक दगड, आणि छप्पर म्हणून वर झाडांची पाने. राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीसाठी घरी नेत नसे. आत जाताना पायातले काढायचे आणि कोयता बाहेरच्या खडकावर ठेवायचा, एवढेच तिथले नियम.

साधकाने विसाव्या वर्षी वाडी सोडली. पहिल्या गुरूंच्या मठात त्याला सांगण्यात आले, की दगडाला हात जोडणे हे अजाण माणसांचे काम आहे. त्याने ते मनापासून मानले. दुसऱ्या ठिकाणी तो श्वासाकडे पाहायला शिकला आणि आठ वर्षे पाहत राहिला. तिसऱ्या ठिकाणी त्याने ग्रंथ वाचले. पुढे तो इतरांनाही ते समजावून सांगू लागला. लोक त्याच्या पाया पडू लागले. परंतु डोळे मिटले की त्याच्यासमोर एकच चित्र येई. झाडांच्या सावलीत त्याची आई उभी आहे, तिच्या हातात नाचणीचे पहिले कणीस आहे, आणि ती दगडाकडे पाहून काहीतरी पुटपुटते आहे. तिचे ओठ हलताना स्पष्ट दिसत. ऐकू मात्र काहीच येत नसे.

आई जाऊन तीन वर्षे झाली होती.

राईची राखण एका वृद्धाकडे होती. तो अंगणात बसून दोर वळत होता. साधकाने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आजोबा, मी भिवराबाईचा मुलगा."

"वळखलं," वृद्ध म्हणाला. "लई दिसांनी आलास."

"मला हिरडाईचा मार्ग शिकायचा आहे. आई देवीपुढे जे म्हणायची, ते शब्द मला हवे आहेत."

"तू तर पोथ्या सांगतोस म्हणं. तुला शब्दांचा काय तोटा?"

साधक ओशाळला. थोड्या वेळाने त्याने आतापर्यंत कोणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. आई एकदा, एकदाच, त्याला भेटायला मठात आली होती. दोन गाड्या बदलून आली होती. त्याची पाठाची वेळ झाली होती, म्हणून तो तिच्याशी दारातच बोलला. ती म्हणाली, "एकदा घरी ये. तुला काही सांगायचंय." तो म्हणाला, "इथंच सांग ना." ती इकडेतिकडे पाहत म्हणाली, "इथं न्हाई सांगता येत, बाळा." तो पुढच्या वर्षी येतो म्हणाला. नंतर त्यापुढच्या वर्षी.

"तिला ते शब्दच सांगायचे होते, असं मला वाटतं," साधक म्हणाला. "तुम्ही राखणदार आहात. तुम्हाला ठाऊक असतील."

वृद्धाने दोराची गाठ मारली. "उद्या सकाळी ये. माझ्यामागं चाल. पुढचं पुढं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे निघाले. दसरा होऊन गेला होता, गवत पिवळे पडले होते. कोयता खडकावर ठेवून वृद्ध राईच्या वाटेला लागला. सुरुवातीची वाट रुंद आणि मोकळी होती. दोन्ही बाजूंची झाडे दूर होती आणि वर स्वच्छ आकाश दिसत होते. त्या मोकळ्या वाटेवर अचानक वृद्ध थांबला, त्याने एक हात गुडघ्यावर टेकला आणि तो कमरेत पार दुमडला. तसाच दुमडलेला, कण्हत, तो नऊ पावले चालला. मग कंबर धरून हळूहळू सरळ झाला आणि काहीच घडले नसावे तसा पुढे गेला.

साधकाने वर पाहिले. वर काहीच नव्हते.

बाजूला गवत कापणारी ठकूबाई विळा थांबवून हे पाहत होती. साधकाच्या आईच्या वयाची, त्याच वाडीतली. ती म्हणाली, "काय बुवा, ताठच? ल्हानपणी तर पाठकुळीला असायचास तरी डोकं आपटून घ्यायचास हितं!"

"इथं? कशावर?"

"आता कशावर म्हणून इचारतोय!" ती हसली, परंतु ते हसू तिने लगेच आवरले आणि पुन्हा गवताला लागली.

देवीपुढे वृद्धाने पाने झाडली, पाणी ठेवले, ओठ हलवले. मग दोघे परतले. परतताना वृद्ध पुन्हा त्याच जागी नऊ पावले दुमडून चालला.

असे अकरा दिवस गेले. साधक तयारीचा होता. ही काहीतरी मुद्रा असावी, असे त्याने ठरवले. चौथ्या दिवशी तोही वाकू लागला. पाचव्या दिवशी त्याने विचारले, "आजोबा, आधी डावं पाऊल की उजवं?"

"जे पुढं असंल ते."

"आणि वाकताना श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा?"

वृद्ध मोठ्याने हसला. "मला त्या वक्ताला नुसता हाय हाय सुचतंय. पाठीचं दुखणं हाय रं माझं."

सहाव्या दिवशी साधकाने वहीत लिहिले: नऊ पावले, दृष्टी जमिनीकडे, मौन. आठव्या दिवसापर्यंत त्याने या नऊ पावलांचा अर्थही लावला होता आणि तो त्याला बराच सुंदर वाटत होता. तरी देवीपुढे उभे राहिले की तोंडात काही येत नसे. मठातली स्तोत्रे येत, पण त्या दगडापुढे ती म्हणताना परक्याच्या घरात मोठ्याने बोलल्यासारखे वाटे.

बाराव्या दिवशी त्याचा धीर सुटला. त्या मोकळ्या जागेशी तो थांबला आणि म्हणाला, "आजोबा, मला कळलंच पाहिजे. तुमची कंबर मोडली आहे, तरी तुम्ही इथं रोज का वाकता? इथं काय आहे?"

"काय न्हाई," वृद्ध म्हणाला. "म्हणूनच वाकाया लागतंय. बस."

दोघे वाटेच्या कडेला बसले. वृद्ध मग बोलला, ते असे:

"हितं गारंबीचा येल व्हता. मांडीएवढा जाड. ह्या झाडावरनं त्या झाडावर, आडवा, पिळे घालत, कंबरेएवढ्या उंचीला. नऊ पावलांचं भुयारच जणू. आत जायाचं तर त्याच्याखालनं. पाटील असला तरी वाकायचा. डोईवर पाटी असली तर उतरवून हातात धरायची. आन् बाई वाकली, की तिच्या कडंवरचं पोर छातीशी यायचं. पोराचा कान आयच्या तोंडाशी. तिथंच ती त्याला आपल्या घराचे, देवीपुढं म्हणायचे बोल सांगायची. दर घराचे बोल येगळे. दुसऱ्या घराला सांगायचे न्हाईत, दुसऱ्या जागी सांगायचे न्हाईत. पोराला काय कळतंय? म्हणून पोर मोठं होऊन घर मांडाया लागलं, की परत एकदा तिथंच, वाकूनच सांगायचे. माझ्या घराचे मला ठावं हाईत. तुझ्या घराचे तुझ्या आयला ठावं व्हते."

साधकाने वर रिकाम्या जागेकडे पाहिले. "आणि तो वेल?"

वृद्ध त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "तूच तोडलास, लेका."

मग त्याला हळूहळू आठवू लागले. मठात वर्ष काढून तो पहिल्यांदा गावी आला होता. गुरूंची पालखी वाडीत यायची होती. तरुणांना घेऊन त्याने वाट रुंद केली होती. देवाकडे ताठ मानेने जावे, जनावरासारखे सरपटत नव्हे, असे काहीतरी तो त्या दिवशी बोलला होता आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कोयते राईत नेले होते. किती झाडे, किती वेली, त्याला सांगता आले नसते. लहानपणी ज्याच्याखालून तो वाकून जात असे, तो वेलही दगडासोबत त्याने मनातून पुसून टाकला होता.

"त्या दिशी तू लई काय काय तोडलंस," वृद्ध म्हणाला. "एक येल ध्यानात ऱ्हायला नसंल. तुझे गुरू काय आलेच न्हाईत. त्यांना ताप आला, पालखी दुसऱ्या गावाला गेली. दुसऱ्या दिशी तुझी आय हितनं निघाली आन् वाकली. सवयीनं. पोरं हसली. तू म्हणालास, 'आई, सरळ चाल. वर काही नाहीये आता.'"

तेही साधकाला आठवले. तो रागावून म्हणाला नव्हता. हसतच, सहज म्हणाला होता, आणि विसरून गेला होता.

"तू हितं व्हतास तवर ती सरळ चालली," वृद्ध म्हणाला. "तू गेल्यावर पुन्यांदा वाकाया लागली. वीस वर्सं, एकटीच. मी इचारलं, 'भिवरे, कशापाई?' तर म्हणली, 'जागा इसरली तर त्याला कुठं सांगू?' ती गेल्यावर कुणीच वाकंना. म्हणून मी वाकतो. मला तरी कुठं लई अक्कल व्हती? मी राखणदार, त्या दिशी हितंच हुबा व्हतो. कोयता आत आला तवा मी बोलाया पायजे व्हतं. म्हणलं, पोरगं शिकून आलंय, त्याला आपल्यापरीस जास्त कळत असंल."

दूर ठकूबाईचा विळा सपसप चालत होता.

"मग माझ्या घराचे बोल?" शेवटी साधकाने विचारले.

"गेले," वृद्ध म्हणाला.

"कोणालाच ठाऊक नाहीत?"

"कुणालाच न्हाईत."

"हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस, रडला असतास आन् वहीत लिवलं असतंस. कानाला चटकन कळतं. कंबरेला कळाया येळ लागतो. आन् खरं सांगू का," वृद्ध जरा थांबला, "मलाच सांगायचा धीर व्हत नव्हता."

त्या दिवशी साधक देवीपर्यंत गेला नाही. वाटेवरच बसून राहिला. वृद्ध एकटाच दुमडून आत गेला आणि दुमडून परत आला, तेव्हा साधक तिथेच होता. ठकूबाई भारा घेऊन जाताना त्याच्यापाशी थबकली. "लई बसू नगंस हितं. मुंग्या हाईत," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साधकाने वही आणली नाही. वृद्धाच्या मागून न जाता तो पुढे चालला. त्या मोकळ्या जागी आल्यावर तो थांबला. या खेपेस त्याने पावले मोजली नाहीत. जिथे वेल असायला हवा होता, तिथे तो वाकला, इतका की तोंड जमिनीपासून हातभर राहिले. कुजलेल्या पानांचा ओलसर वास त्याच्या नाकात शिरला आणि तो जागीच थबकला. हा वास त्याला माहीत होता. अगदी याच उंचीवरून माहीत होता. वाकलेल्या कोणाच्या तरी छातीशी तो दाबला गेला होता, कपाळाला काकणे टोचत होती आणि उजव्या कानात काहीतरी ऊन ऊन येत होते. त्याने कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. तो खूप वेळ तसाच वाकून राहिला. मागे वृद्धही वाकून उभा होता. पाठ दुखत असूनही तो पुढे सरक म्हणाला नाही.

शेवटी साधक चालू लागला. देवीपुढे जाऊन तो हात जोडून उभा राहिला. त्याने स्तोत्र म्हटले नाही. ओठही हलवले नाहीत.

परतताना वृद्धाने विचारले, "काय आठवलं का?"

"शब्द नाही," साधक म्हणाला. "तिचा श्वास तेवढा आठवला."

वृद्धाने मान हलवली. "मग तोच घेऊन येत जा."

साधक पुन्हा कोणत्या मठात गेला नाही. तो वाडीतच राहिला आणि वृद्धाची कंबर पुरती धरल्यावर राईची राखण त्याच्याकडे आली. लोक त्याला विचारत, की इतके गुरू केलेस, शेवटी या दगडात तुला काय सापडले? तो सांगे, की सापडले काहीच नाही. हरवले कुठे, ती जागा तेवढी कळली. आणि तो रोज सकाळी त्या मोकळ्या वाटेवर, रिकाम्या आकाशाखाली, नऊ पावले वाकून जाई.

आपल्याही वाटेत एखादी गोष्ट आडवी येत असेल आणि उगीच वाकायला लावत असेल. कोयता उचलण्याआधी, तिच्याखाली कोणी कोणाला काय सांगत असे, एवढे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्यावे. आणि ते या वर्षीच विचारावे.