बुजवलेला खळगा

समुद्रकाठच्या एका वाडीत बाबल तांडेल नावाचा होडीवाला राहत असे. वाडीपासून दोन तासांवर समुद्रात एक कोरडे बेट होते. तिथे विहीर नाही, झरा नाही, झाड म्हणावे असे झाडही नाही. तरी कपारींतून शेकडो पारवे राहत, कारण वाडीची एक रीत होती. उन्हाळ्यात त्या बाजूने जाणारी प्रत्येक होडी बेटाला लागे आणि खलाशी आपल्या पिण्याच्या पाण्यातले कळशीभर पाणी कातळातल्या एका खोल खळग्यात ओतत. ही रीत कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नव्हते, पण ती कोणी मोडलीही नव्हती.

ऐन मे महिन्यात शहरातून अनिरुद्ध कारखानीस नावाचा फोटोग्राफर आला. पक्ष्यांच्या फोटोंसाठी त्याचे मोठे नाव होते. तीन दिवस बेटावर मुक्काम करायचा म्हणून तो बाबलच्या होडीतून निघाला. पोचताच बाबलने खळगा भरला आणि पारवे लगेच खाली उतरले. पण खळगा होता सावलीत, आणि फोटोला हवे होते ऊन. कारखानीसने उघड्यावर पाण्याची परात मांडून पाहिली. तिकडे एकही पारवा फिरकेना. तेव्हा तो बाबलला म्हणाला की खळग्यातले पाणी काढून टाका, तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे.

बाबल म्हणाला, "साहेबानू, ह्या पाणी आमी आमच्या तोंडचा काढून ओततो. ता फोटोसाठी काढूचा नाय."

कारखानीस नुसता हसला. होडी दिसेनाशी होताच त्याने खळगा उपसला आणि दगड-वाळूने गच्च बुजवून टाकला. परातीत त्याने जेमतेम तळ भिजेल एवढेच पाणी ठेवले, म्हणजे पक्षी एकमेकांवर तुटून पडावेत. तिसऱ्या दिवशी तसेच झाले. चोची वासलेल्या, पंख विस्कटलेले, डोळ्यांत प्राण आलेले. त्याला हवा तसा फोटो मिळाला. लगेच त्याने परात उचलली आणि सामान बांधले.

न्यायला आलेला बाबल कळशी घेऊन कातळावर चढू लागला, तेव्हा खळगा मीच पाण्याने भरला आहे, असे या गृहस्थाने खुशाल सांगितले आणि बाबल तसाच खाली उतरला. दगड उपसायला वेळ तो किती लागला असता? एक चहा प्यायला लागतो तेवढा! पण स्वतःचे काम झाल्यावर दुसऱ्याच्या जिवासाठी तेवढाही वेळ नसणारी माणसे जगात असतात.

पुढे आठ दिवस वारा असा सुटला की एकही होडी बाहेर पडली नाही. नवव्या दिवशी बाबल बेटावर गेला. बरेच पारवे उडून गेले होते. ज्यांची पिल्ले घरट्यांत होती, ते मात्र गेले नव्हते. ते बुजवलेल्या खळग्याभोवती मरून पडले होते. दगडांच्या फटींत त्यांच्या चोची अडकल्या होत्या.

इकडे शहरात त्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. फोटोचे नाव होते 'तहान'. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या, कारखानीसला पक्ष्यांचा कैवारी म्हटले. आणि तो निर्लज्जपणे मान लववून उभा राहिला! ही तहान आली कुठून, हे त्या भरल्या सभागृहात एकानेही विचारले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा वाडीत आला. उन्हाने त्याच्या घशाला कोरड पडली होती. बाबलने आधी त्याला तांब्याभर पाणी दिले. ते घटाघटा पिऊन त्याने फ्रेम केलेला तो फोटो मोठ्या कौतुकाने बाबलच्या हाती ठेवला आणि उद्या बेटावर जाऊ या, म्हणाला.

बाबलने फोटो बराच वेळ पाहिला. मग त्याने विचारले, "फोटो काढल्यार ह्यांका पाणी दिलास?"

रिकामा तांब्या कारखानीसच्या हातातच राहिला.

बाबल म्हणाला, "तहानेल्याक आमी पाणी नाय म्हणत नाय, म्हणान तुमका दिलंय. पण बेटार नेवचंय नाय."

त्या दिवशी वाडीतल्या एकाही होडीने त्याला घेतले नाही.

तात्पर्य: आधी पाणी तोडायचे आणि मग तहानेचे चित्र काढायचे, ही कला नव्हे, क्रूरपणा आहे, आणि काही न विचारता त्यावर टाळ्या वाजवणारेही त्या पापाचे वाटेकरी आहेत.