पातळ कोणाला शोभतं?

मृणालिनी दाभाडे येत्या विमान-शर्यतीसाठी घरच्या शेडमध्ये विमान बांधत होत्या. त्याच शर्यतीत उतरणारे हौशी वैमानिक मंडळाचे अध्यक्ष रणदिवे रोज डोकावत आणि एकच टुमणं लावत, "पंख पातळ करा बाई, वेग मिळेल."

शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या वेगाची एवढी काळजी? बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पंख जाड असला, तरच आत भक्कम तुळई मावते आणि तो हवेत मोडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मंडळाच्या सभेत रणदिवे डोळा मिचकावून म्हणाले, "बाईमाणसाला पातळच शोभतं!"

सभा खिदळली.

"खरंय," बाई म्हणाल्या. "मग तुमच्या विमानावरची ताडपत्री पंखापाशी एवढी फुगलीय, ती तुम्ही पुरुष आहात म्हणून, की पडायची भीती वाटते म्हणून?"

या वेळी सभा जास्त वेळ खिदळली.