दगडावरची मधली ओळ

राजा मानधवलाने हुकूम सोडला: चावडीपुढच्या उभ्या दगडावरची मधली ओळ दसऱ्याच्या आत नाहीशी झाली पाहिजे. ओरखडा नको, खळगा नको. तिथे कधी काही कोरलेलंच नव्हतं, असं दिसलं पाहिजे!

हुकूम सोडायची या राजाला भारी खाज. आपण उठेपर्यंत कोंबड्यांनी आरवू नये, असाही एक हुकूम निघाला होता. कोंबड्यांनी तो मानला नाही, त्यांचा रस्सा झाला. माणसांच्या बाबतीत मात्र ही मधली ओळ आडवी यायची. दगडावर ओळी होत्या तीनच, पणजोबांनी कोरून घेतलेल्या. पहिली: या गादीवर आमच्याच घराण्यातला थोरला बसेल. दुसरी: गायरान, तळं किंवा कुणाचंही घर, यांना हात लावण्याआधी राजा पाच गावांच्या पंचांना विचारील. तिसरी: राजाच्या मुदपाकखान्याला धान्य आणि तूप पाच गावं पोचवतील. दर दसऱ्याला रयत जमायची, पुजारी तिन्ही ओळी मोठ्याने वाचायचा आणि राजा दगडाला हात लावून ‘मान्य’ म्हणायचा.

यंदा राजाला गायरानात आरसेमहाल बांधायचा होता. त्याने पंचांना तीनदा विचारलं, पंच तीनदा नाही म्हणाले. मग त्याच्या डोक्यात आलं की ओळच नसली तर विचारायचं तरी कशाला? दिवाणजी मान डोलावण्यात पटाईत. ती ओळ तशीही जरा तिरकीच कोरली गेलीय, असं ते म्हणाले.

काम आलं गोंदा पाथरवटाकडे. हे होणारं नाही, दगड म्हणजे काही पाटी नव्हे, असं तो बिचारा सरळ बोलून गेला. चुना भरला तर पहिल्या सरीला उघडं पडेल, हेही त्याने सांगितलं. राजाने त्याला कोठडीत घातलं. ओळ गेली तर गोंदा सुटेल, नाही तर तिथेच कुजेल.

गोंदाला एकच लेक, भिवरा. आई गेल्यापासून बापाच्या शेजारी बसून तीही छिन्नी चालवायची. बापाला नेताना पाहिलं आणि तिला रडू कोसळलं. रडून झाल्यावर ती विचार करत बसली. दुसऱ्या सकाळी हत्यारं घेऊन वाड्यावर गेली आणि म्हणाली, मी काढते ओळ, पण महाराजांनी समोर उभं राहावं.

दगडाभोवती कनात लावली. आत राजा, दिवाणजी आणि भिवरा. तिने गेरूत भिजवलेला दोरा दगडाच्या कडेला ताणला आणि टणकन सोडला. पुढच्या बाजूपासून बोटभर आत तांबडी रेघ उमटली. मग तिने छिन्नी टेकवली ती थेट पहिल्या ओळीवर.

"अगं ए! ती माझी ओळ!" राजा ओरडला.

"अक्षर बोटभर खोल आहे, महाराज. माग नको म्हणता, तर दगडाची ही सगळी बाजू या तांबड्या रेघेपर्यंत उतरवावी लागते. एकट्या ओळीपुरतं खरवडलं की खळगा राहणार. आणि घडाई आम्ही वरून खाली करतो."

"म्हणजे तिसरीही जाणार?"

"जाणार तर. तुपासकट."

राजा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. त्यात काय मोठंसं? तिन्ही उतरव, तो म्हणाला, मग मी हुकूम देतो, पहिली आणि तिसरी पुन्हा कोर. दिवाणजींनी मान डोलावली.

भिवराने हातोडा खाली ठेवला.

"कोरते की, महाराज. पण पहिली ओळ गेल्यावर मला हुकूम देणार कोण?"

 राजाने दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी कनातीच्या फटीतून पलीकडच्या गढीकडे बघत होते. तिथे राजाचे चुलते राहत, आणि गादीवर त्यांचा कधीपासून डोळा होता. दिवाणजींची मान चुलत्यांच्या दिशेने आत्ताच थोडी डोलायला लागली होती.

राजाने ते पाहिलं मात्र, आणि त्याला हसू फुटलं. पगडी तिरकी झाली, डोळ्यांना पाणी आलं, तरी थांबेना.

"सोडा गोंदाला," कसंबसं तो म्हणाला. "आणि पोरी, ती मधली ओळ झिजत चाललीय, जरा खोल करून ठेव. बक्षीस म्हणून गायरानातला हवा तो तुकडा घे!"

 भिवराने मधल्या ओळीवरची धूळ पदराने पुसली आणि बाजूला झाली. राजाने ती वाचली, कपाळाला हात लावला आणि पंचांना बोलावणं धाडलं.

पाची जण आले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आपसात कुजबुजले. मग त्यांतला थोरला पुढे झाला.

"गायरान गुरांचं आहे, महाराज. पोरीला तुमच्या आमराईतला तुकडा द्यावा."

राजा पुन्हा पोट धरून हसला. कोठडीतून सुटलेल्या बापाचा हात धरून भिवरा आमराईत गेली आणि विहिरीजवळची, सर्वांत गोड आंब्याची ओळ तिने निवडली.